हात लावते हं

आमच्या भावकीत लग्न निघालं की नवरीला नऊवारी नेसवायला मला बोलावतात. माझा हात फार चांगला आहे अशातला भाग नाही. पण साडीत पिन कुठे लपते, निऱ्यांच्या आत रुमालात गुंडाळलेले पैसे कसे खोचलेले असतात, पोलक्यात किल्ली कुठे राहते, हे माझ्या बोटांना जेवढं ठाऊक आहे तेवढं गावात दुसऱ्या कुणाला नसेल. विमानतळावर बायकांची झडती घेण्यात माझी वीस वर्षं गेली. करवल्या मुद्दाम माझ्यापुढे येतात, हात पसरून उभ्या राहतात, "मावशी, चेक करा" म्हणतात आणि खिदळतात. मीही हसते. हसता हसता माझा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचलेला असतो, तो मी मागे घेते.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात मी कॉन्स्टेबल म्हणून लागले ती १९९९ साली. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतल्या माणसांना तोटा नाही, त्यामुळे वर्दीचं अप्रूप नव्हतं. पोरीनं वर्दी घालायची, याचं होतं. आमचं दल १९६९ सालचं, सरकारी कारखान्यांच्या राखणीसाठी काढलेलं. पोलाद कारखाने, खाणी, बंदरं ही आमची ठिकाणं. विमानतळांवर तेव्हा त्या त्या राज्याचे पोलीस असायचे. मग त्याच वर्षी २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं. अमृतसर, लाहोर, दुबई, शेवटी कंदाहार. प्रशिक्षण केंद्राच्या मेसमधल्या एका टीव्हीसमोर आम्ही सगळ्या पोरी ताटं हातात धरून उभ्या असायचो. ३१ तारखेला प्रवासी सुटले. त्यांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडावे लागले, आणि नुकतंच लग्न झालेला एक प्रवासी तोवर मारला गेला होता. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरचा विमानतळ आमच्या दलाकडे आला, मग एकेक करत बाकीचे येत गेले. माझा नंबर २००२ मध्ये लागला. मी पहिल्यांदा विमानतळ पाहिला तो ड्युटीवर.

बायकांची झडती बाईनेच घ्यायची आणि पडद्याआड घ्यायची. त्यासाठी धातू ओळखणाऱ्या चौकटीच्या पलीकडे एक खोपटं असतं. त्या चौकटीला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, आम्ही 'दरवाजा'च म्हणायचो. खोपट्याला तीन बाजूंनी प्लायवूड, चौथ्या बाजूला पडदा, आत वीतभर उंचीची पायरी. बाई पायरीवर चढते, हात आडवे पसरते, मी यंत्र फिरवते, वाजेल तिथे हाताने बघते, पाठमोरी करते, पुन्हा बघते. चाळीस सेकंद. आठ तासांत अशा चारशे-पाचशे बायका. बोर्डिंग पासवर शिक्का मारायचा, पर्सच्या टॅगवर शिक्का आहे का ते पाहायचं. २०१७ मध्ये मोठ्या विमानतळांवरून टॅगचा शिक्का गेला, तोवर माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली कायम निळी रेघ असायची. भाकरी थापताना आई ती बघायची आणि काही बोलायची नाही.

आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पूछना नहीं है, बताना है." परवानगी मागायची नाही, सांगायचं. मागितली तर समोरचा नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणण्याची सोय इथे नाही. मला ते पटलं, तरी तोंडातून निघायचं नाही. आमच्याकडे म्हशीच्या कासेला हात घालण्याआधी तिच्या पाठीवर थाप मारतात, काहीतरी बोलतात. न बोलता हात घातला तर लाथ बसते. बायकांची तुलना म्हशीशी केली म्हणून कुणी रागावू नये. मला माहीत असलेली शिस्त ती एवढीच होती. म्हणून मी "हात लावते हं" म्हणायला लागले. मराठी बाई असो, तमिळ असो की फ्रेंच, मी मराठीतच म्हणायचे. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. सहकारी चिडवायच्या. एक केरळची मुलगी होती, ती बघता बघता तेच म्हणायला लागली, "हात लावते अं."

एकदा एक कॉलेजातली मुलगी आली. पाठीवर सॅक, कानात कसलंसं वाजतंय. मी म्हटलं, "हात लावते हं."

ती म्हणाली, "आणि मी नको म्हटलं तर?"

"तर मग आत जाता येणार नाही."

"मग विचारता कशाला?"

मी काही न बोलता यंत्र फिरवलं, शिक्का मारला, ती गेली. भांडखोर नव्हती ती. खरंच विचारत होती. पुढची कितीतरी वर्षं माझं तिच्याशी मनातल्या मनात बोलणं चालू राहिलं. मी विचारत नाही, बाळ, सांगते. आणि सांगते ते तुझ्यासाठी नाही, माझ्या हातासाठी. न बोलता हात लावायची सवय लागली की तो हात पोती चाळायला लागतो. हे तिला सांगायला चाळीस सेकंद पुरले नसते.

लोकांना वाटतं की या कामात सगळ्यात त्रासदायक म्हणजे भांडणारे प्रवासी. तसं नाही. भांडणाऱ्याला उत्तर असतं. गप्प बसणाऱ्याला नसतं.

एक आजीबाई. कोल्हापूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. बेंगळुरूला लेकीकडे निघालेल्या, पहिल्यांदाच विमानात. त्यांच्या हातातल्या पिशवीत पानाची चंची, चंचीत अडकित्ता. माझी ड्युटी त्या दिवशी बॅग उघडून बघायच्या टेबलावर होती. पितळी अडकित्ता, एका बाजूला घोड्याचं तोंड, दांड्याला घासून घासून आलेली सोनेरी चकाकी, पातं मात्र काळं आणि धारदार. पुरुषी हाताचा असावा, आजींच्या मुठीत मावत नव्हता. मी म्हटलं, "आजी, हा नेता येणार नाही."

"का गं?"

"पातं आहे."

"सुपारी कातरायचा हाय त्यो."

"माहितेय, आजी. तरी नाही."

नियमाने तीन वाटा असतात. सामान आधीच दिलेल्या मोठ्या बॅगेत घालायचं, बाहेर कुणी सोडायला आलं असेल त्याच्याकडे द्यायचं, नाहीतर इथेच सोडायचं. मोठी बॅग पुढे गेली होती. नातू बाहेर सोडून गावच्या रस्त्याला लागला होता, त्याला फोन लावला तर गाडी चालवत होता, उचलेना. विमान कंपनीच्या पोराला मी विचारलं. तो म्हणाला, काउंटर बंद झालं. आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या प्लास्टिकच्या डब्याकडे. त्यात नेलकटर, कात्र्या, लायटर, एक स्क्रूड्रायव्हर. "ह्यांचा हाय," एवढंच म्हणाल्या. रडल्या नाहीत, विनवण्या केल्या नाहीत. अडकित्ता स्वतःच्या हाताने डब्यात ठेवला, टाकला नाही, ठेवला, आणि चंचीची नाडी आवळून चालू लागल्या.

मला तो उचलून ठेवता आला असता का? नाही. जप्त किंवा सोडलेल्या वस्तूला आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही, आणि तो नियम बरोबर आहे. नाहीतर दर पाळीला कुणाच्या तरी घरी चांगली कात्री गेली असती. पाळी संपल्यावर मी अधिकाऱ्यांना विचारलं, आजींचा नंबर बोर्डिंग पासवरून काढून नातवाला कळवता येईल का. ते म्हणाले, "आज एकाचा कळवशील, उद्या चाळीस जण मागतील." यातही चूक काही नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि माझ्या घशाखाली जेवण उतरलं नाही.

छोट्याशा पात्याने विमान पळवता येतं हे जगाने २००१ च्या ११ सप्टेंबरला पाहिलं. मग अडकित्त्याने येणार नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण मला राहून राहून वाटतं ते हे: तिकीट काढतानाच कुणी आजींना दोन ओळी सांगितल्या असत्या, दारात एखादा माणूस नुसता 'पातं आहे का, सुरी आहे का' विचारायला उभा असता, तर अडकित्ता मोठ्या बॅगेत गेला असता. सुरक्षेला काही तोशीस नव्हती. आपल्याकडे नियम असतो, फलकही असतो, इंग्रजी-हिंदीत, चित्रासकट; आणि ज्याला तो लागू व्हायचा त्याला तो थेट डब्यासमोर उभं राहिल्यावर कळतो.

नियम येतात ते घटनेच्या पाठोपाठ, आणि जायचं नाव घेत नाहीत. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवून अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानात ती पेटवायचा प्रयत्न केला, अमेरिकेत बूट निघायला लागले. ते पुन्हा पायात राहू द्यायचं ठरलं २०२५ च्या जुलैत. २००६ मध्ये लंडनला बाटल्यांतून स्फोटक द्रव न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याची शंभर मिलीलीटरच्या वरची प्रत्येक बाटली संशयित. मसाल्याच्या पुडीला आमच्याकडे बंदी; तिखट डोळ्यांत फेकता येतं म्हणून. लेकीच्या घरी निघालेल्या किती आयांचा काळा मसाला मी बाजूला काढून ठेवलाय त्याला गणती नाही. नारळाचंही तसंच. २०२४ च्या हंगामात शबरीमलेला जाणाऱ्यांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेऊ द्यायचं सरकारने ठरवलं, तेही जानेवारीच्या विसाव्या तारखेपर्यंत. मी तेव्हा निवृत्त झाले होते. बातमी वाचून वाटलं, एकविसाव्या तारखेला टेबलावर जी कुणी असेल तिचं काय होणार.

स्क्रीनवरचं काम मला आवडायचं, कारण तिथे हात लावायचा नसतो. कापड, अन्न, साबण, म्हणजे जे काही सेंद्रिय, ते नारिंगी दिसतं. धातू निळा. मधलं हिरवट. किरण आरपार जात नाहीत ते काळं. वीस मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण त्यानंतर डोळे उघडे असतात पण बघत नाहीत. आणि आम्ही बघतोय की नाही हे बघायला यंत्र स्वतःच अधूनमधून एखाद्या खऱ्या बॅगेत खोटं पिस्तूल दाखवतं. बटण दाबलं की शाबासकी, नाही दाबलं की नोंद. एका दिवाळीच्या आधी माझ्यासमोर एक काळी नळी आली. जाड, वीतभर लांब, दोन्ही टोकांना झाकणं, वरच्या झाकणातून आट्यांचा दांडा, बाजूला गोल चकत्या. मी बटण दाबलं, खोटं चित्र नाही असं यंत्र म्हणालं. पट्टा थांबवला. साहेब आले, दोघं शस्त्रधारी आले, मागची रांग हटवली. बॅग उघडली तर पितळी सोऱ्या, चकलीच्या चकतीसकट, खाली भाजणीचं पीठ. साहेब पंजाबी. त्यांना सोऱ्या समजावून सांगताना माझी जी तारांबळ उडाली! शेवटी बॅगेची मालकीण पुढे झाली, हवेत दांडा फिरवून दाखवला, बोटाने चकली काढली. साहेब म्हणाले, "अच्छा, जलेबी." भाजणी गेली, सोऱ्याही मोठ्या बॅगेत गेला.

हसण्यावारी गेलं. पण त्या बाईंचा चेहरा पहिल्या दोन मिनिटांत कसा झाला होता तेही मी पाहिलं. हातात बंदूक असलेली माणसं आपल्या बॅगेकडे बघतायत, आणि आपण काय आणलंय ते आपल्यालाच आठवत नाही.

आता जे सांगायचंय ते मी घरीही कधी सांगितलेलं नाही. बूथवर एक पन्नाशीच्या बाई आल्या, सुती साडी, केस बारीक कापलेले. यंत्र वाजलं नाही. पण हाताला डाव्या बाजूला काहीतरी वेगळं लागलं. घट्ट, गार, अंगाचं नसलेलं. आम्हाला शिकवलेलं असतं की यंत्र फक्त धातू सांगतं, बाकीचं हाताने ओळखायचं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींना हार घालायला आलेल्या बाईच्या अंगावर काय होतं, ते आमच्या वर्गात दर वेळी सांगितलं जायचं. माझ्या डोक्यात तेच आलं. मी एक पाऊल मागे सरकले आणि मोठ्याने विचारलं, "ये क्या है?" पडदा म्हणजे भिंत नव्हे. बाहेर रांग होती, त्यात त्यांचा तरुण मुलगाही होता.

त्या काहीच बोलल्या नाहीत. ब्लाउजमध्ये हात घालून सिलिकॉनचा आकार काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग म्हणाल्या, "मार्चमध्ये ऑपरेशन झालं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. तपासणी चुकीची नव्हती, आजही ती बाई आली तर मी तिथे हात लावीन. चूक होती ती आवाजाची, आणि त्या मागे सरकलेल्या पावलाची. तेवढ्या एका पावलात मी त्या बाईंचा बॉम्ब करून टाकला होता. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, दर वेळी विमानतळावर आपला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो म्हणून थेट पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ केला. आमच्या दलाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. बराकीत त्यावर दोन तट पडले. एक म्हणत होता, पायात काय आहे ते यंत्राला कळत नाही तर आम्ही काय करायचं? मी दुसऱ्या तटात होते, पण माझ्याजवळ उत्तर नव्हतं, फक्त तो तळहात होता.

संशय ही आमची भाकरी आहे, हे मी नाकारत नाही. पण कुणावर करायचा? २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे काही महिने बूथवर मी स्वतःला पकडलं. बुरखा घातलेली बाई आली की हात जरा जास्त वेळ रेंगाळायचा. आमच्या शाळेतल्या बाईंसारखी दिसणारी, नीट पदर घेतलेली कुणी आली की यंत्र फिरवून झालं, 'चला मॅडम'. कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. हातच ठरवत होता. मग एका उजळणी वर्गात १९८६ च्या एप्रिलमधली लंडनची गोष्ट ऐकली. एक गरोदर आयरिश बाई, होणाऱ्या नवऱ्याने दिलेली बॅग घेऊन इस्रायलच्या विमानाकडे निघालेली. बॅगेच्या तळाशी स्फोटकं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. तिला सरळ जाऊ दिलं असतं तर साडेतीनशेहून अधिक माणसं गेली असती. कंपनीच्या सुरक्षावाल्यांनी तिचीही बॅग नीट तपासली म्हणून सापडलं. असा माणूस जिच्याकडून बॉम्ब पाठवतो ती नेमकी 'चला मॅडम' वाटणारी असते. त्या दिवसापासून मी शाळेतल्या बाईंनाही चाळीस सेकंद द्यायला लागले. कुणावर अन्याय नको एवढ्यासाठीच नव्हे. माझं काम अर्धवट होत होतं म्हणून.

याच कारणाने मला सवलतींची यादी कधी पचली नाही. कुणाकुणाची झडती घ्यायची नाही, याची एक यादी असते. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश वगैरे. पदाचा मान ठीक आहे. पण यादीच्या कडेकडेने जी गर्दी उभी राहते, तिचा त्रास फार. साहेबांच्या पत्नी, साहेबांच्या पत्नीच्या बहिणी, 'ओळखलं नाही का' म्हणणाऱ्या. २००९ मध्ये माजी राष्ट्रपती कलामसाहेबांची दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या माणसांनी झडती घेतली. ते यादीत होते, म्हणजे कंपनीची चूकच. तिने नंतर माफीही मागितली. संसदेत गदारोळ झाला. कलामसाहेबांनी मात्र स्वतः तक्रार केली नव्हती. ते कात्रण मी बराच काळ माझ्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं होतं. कुणी मॅडम फारच तापल्या की पाळी संपल्यावर ते एकदा वाचायचं.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच रांगेत नसतं ते वेगळेच. २०१० च्या आसपास एक जण आली. हिरवी साडी, जाड आवाज, ओळखपत्रावर पुरुषाचं नाव. पुरुषांच्या रांगेतल्या जवानाने बायकांकडे पाठवलं, बायकांच्या रांगेतल्या माझ्या सहकारिणीने पुरुषांकडे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती दोन रांगांच्या मधोमध उभी राहिली, बॅग पायाशी ठेवून. म्हणाली, "तुम्ही ठरवा, मग बोलवा." मी पडदा वर धरला. साहेबांनी नंतर विचारलं, कुठल्या नियमाने? मला नियम माहीत नव्हता. तिने हात पसरले तेव्हा काचेच्या बांगड्या किणकिणल्या, एवढं आठवतं. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी म्हणून वेगळी ओळख मान्य केली ती २०१४ मध्ये.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. माझी मुलगी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला. फोनवर मला समजावत होती: सरकारला त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग योग्य कारण हवं, आणि कारणाच्या मानानेच हात घालायचा, जास्त नाही. मी म्हटलं, "म्हणजे जेवढ्यास तेवढं." ती म्हणाली, "हो आई, त्याला मोठा शब्द आहे, पण तेच." मला एकदम ती सॅकवाली मुलगी आठवली. न्यायमूर्तींनी शेकडो पानं घेतली, तिने तीन शब्द.

आता म्हणे हे सगळं जाणार. अंगाला हात न लावता आरपार बघणारी यंत्रं बसवायचं फर्मान २०१९ मध्येच निघालं, हळूहळू येतायत. चेहरा दाखवला की दार उघडणारी डिजियात्रा २०२२ च्या डिसेंबरात दिल्ली, बेंगळुरू, वाराणसीला सुरू झाली. मुलीला त्याचा राग, मला आधी नव्हता. हात लागत नाही, रांग नाही, 'ये क्या है' नाही, चांगलंच की. मग शेवटच्या वर्षात प्रवेशद्वाराजवळ ड्युटी लागली तेव्हा पाहिलं. एक पोरगा टॅबलेट घेऊन उभा, येणाऱ्याला म्हणतोय "सर इकडे बघा," आणि माणूस बघतोय. कशासाठी बघतोय ते त्याला ठाऊक नाही. उड्डाणानंतर चोवीस तासांत माहिती पुसली जाते असं सांगतात, आणि ही सोय ऐच्छिक आहे असंही. असेल. पण मी वीस वर्षांत लाखो बायकांना हात लावला असेल, आणि पडदा सरकला की माझा हात त्यांना विसरायचा. तीन-चार सोडल्या तर आज एकीचाही चेहरा सांगता येणार नाही. माझ्या हाताची लाज वाटायची, पण त्याच्यापासून पुढे काही भीती नव्हती. त्या कॅमेऱ्याची लाज वाटत नाही, इतका तो सभ्य आहे. मुलगी म्हणते, लाज वाटत नाही तिथेच विचारायचं असतं. या बाबतीत मी अजून तिच्याइतकी ठाम नाही. रांगेत लेकरू घेऊन तासभर उभी असलेली बाई मी पाहिली आहे, तिला हे सांगायला मला जड जाईल.

निवृत्तीनंतर मागच्या पावसाळ्यात मुलीकडे जायला निघाले. पहिल्यांदाच त्या बाजूने पडद्याआड गेले. पायरीवर चढले, हात पसरले. समोर बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, नवी कोरी वर्दी, अंबाड्याला जाळी घट्ट. न बोलता यंत्र फिरवलं. खांदे, दंड, कूस, पोट. वळायला बोटाने खूण केली. पाठ. पाय. "हो गया, आंटी."

कमरेच्या मागे, साडी खोचतो तिथे, तिचा हात गेलाच नव्हता. घाईत राहतं ते. माझंही राहायचं, पहिल्या वर्षी. मी पायरीवरून उतरेना. बाहेर कुणीतरी 'चलो चलो' करत होतं.

"कमरेच्या मागे राहिलं, बाळ," मी म्हटलं.

तिला मराठी कळलं असावं. कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, आता ही माझीच कसून झडती घेणार, आणि घ्यायलाच हवी; असं बोलणारी बाई मला भेटली असती तर मी साहेबांना बोलावलं असतं. तिने मला पुन्हा वळवलं. यंत्र कमरेशी आलं, वाजलं. निऱ्यांची पिन. तिचा हात पुढे आला, अर्ध्या वाटेत थांबला.

"हात लावू?" ती म्हणाली.

"लाव," मी म्हटलं.